आखूड काठी आणि पितळी चकरी

माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पिंपरीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका लहानशा वर्कशॉपात मी फिटर होतो. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून मला तिथे बसवलं. पायाखालची पट्टी दाबली की वरचा ठोकळा खाली येई आणि पत्र्यातून गोल चकती पडे. दुपारपर्यंत मी टोपलंभर चकत्या पाडल्या. मग एक पत्रा अडकला. तो सरळ करायला मी हात आत घातला आणि पाय पट्टीवरून काढायचा राहून गेला. चूक माझीच होती. मालकाने इस्पितळाचं सगळं केलं, दोनदा भेटायला आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, बरा हो, हलकं काम निघालं की कळवतो. त्याचा निरोप कधी आला नाही.

चिंचवडच्या गावठाणात एका खोलीत मी आणि माझी बायको राहत होतो. आम्ही दोघंही रत्नागिरीकडची, खाडीकाठची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिला तिसरा महिना लागला होता. मी इस्पितळातून आलो त्याच्या आठव्या दिवशी ती शेजारच्या एका बाईबरोबर कामाला गेली. पिंपरीच्या पुढे माळावर एका नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथे वाळू-सिमेंटची घमेली वाहायला. मला तिने विचारलं नाही. सकाळी भात करून झाकून ठेवला, माझ्या लेंग्याची नाडी बांधून दिली आणि गेली.

ती नाडी मला बांधता येत नव्हती. सदऱ्याची बटणं डाव्या हाताने कशीबशी लागत, पण नाडीची गाठ काही केल्या बसायची नाही. दिवसभरात सुटली तर ती येईपर्यंत मी खोलीतच बसून राहायचो. संध्याकाळी ती यायची. केसांत सिमेंट, मानेवर घामाने पडलेले पांढरे ओघळ. आली की आधी भिंतीला पाठ लावून बसायची आणि डोळे मिटायची. मी पाणी द्यायचो. एवढंच मी करायचो.

हाताचं बँडेज निघाल्यावर मी कारखान्यांच्या फाटकांवर फिरायला लागलो. तेव्हा त्या पट्ट्यात नुकतेच कारखाने उभे राहत होते आणि फिटर माणसाची सगळीकडे विचारपूस होती. मी उजवा हात खिशात ठेवून बोलायचो. ड्रॉइंग वाचता येतं का विचारत, मायक्रोमीटर येतो का विचारत, मी हो म्हणायचो, आणि मग ते नाव लिहायला कागद पुढे करत. तिथे हात बाहेर काढावा लागे. कुणी वाईट बोललं नाही. एका ठिकाणच्या सुपरवायझरने तर चहा पाजला. पण त्यानंतर मी फाटकांवर जाणं सोडून दिलं, कारण त्या चहाने मला जे झालं ते हाकलून दिल्याने झालं नसतं.

चैत्राच्या सुरुवातीला मी पवनेवर गेलो. माझे वडील खाडीत गरी टाकून मासे धरायचे. लांब दोरी, टोकाला गरी म्हणजे गळाचा आकडा आणि शिशाचा गोळा, दोन्ही हातांनी दोरी खेचायची. मी चालायला लागलो तेव्हापासून त्यांच्याबरोबर होतो. पिंपरीत सिंधी निर्वासितांची मोठी छावणी होती आणि त्या लोकांना नदीचा मासा जीव की प्राण आहे, हे मी ऐकून होतो. एक तरी मासा मिळाला तर विकता येईल असा विचार. गावापासून खाली, जिथे धुणं धुणारं कुणी येत नव्हतं अशा जागी बसलो. गरीला बेडकाचं पिल्लू लावलं आणि डाव्या हाताने फेकली.

तासाभरात मरळ लागली. मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. सापासारखं डोकं, काळी पाठ, गवतात दबा धरून बसणार आणि बेडूक दिसला की झडप घालणार. दोरी सरसर गेली. डाव्या हाताने मी एक हात ओढली, पण ओढलेली धरून ठेवायला दुसरा हात लागतो. मी ती उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत धरली. माशाने हिसका दिला तशी दोरी नव्या कातडीवरून गेली आणि जखम उघडी पडली. दोरी सुटली, मासा गेला. मी तिथेच चिखलात बसून राहिलो. हातातून रक्त येत होतं आणि मला ते धुवायचंही सुचत नव्हतं.

पलीकडे बांबूची काठी घेऊन एक म्हातारा बसला होता. तो उठून आला. त्याने माझा हात पाण्यात धरला, स्वतःच्या पटक्याचा कोपरा फाडून बांधला, आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "मासं तुला धरता येत्यात. पर हातानं दोरी वढायचं तुझं दिवस सरलं. तुला चकरी पायजे."

त्याला सगळे हवालदार म्हणत. तो हवालदार नव्हता. खडकीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचा तो बारा वर्षं ऑर्डर्ली होता. साहेबाला मासेमारीचं वेड होतं. त्याच्या काठ्या पुसायच्या, काठीवर दोरा गुंडाळणाऱ्या चकऱ्यांना तेल द्यायचं, दोरे वाळवायचे, हे ह्याचं काम. साहेब विलायतेला गेला तेव्हा काठ्या घेऊन गेला. ह्याच्याकडे उरली ती माहिती. गाव चाकणच्या पुढे, भामा नदीवर. चिंचवडला लेक दिली होती, तिच्याकडे तो अधूनमधून येई.

त्याच्याकडे आणखी एक वस्तू होती. लष्कराच्या लिलावातून त्याने एक होडी घेतली होती. लाकडी कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर जाड कॅनव्हास ताणलेला. लांब, निमुळती, एका माणसापुरती. पाय पुढे पसरून तळाशीच बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने हाकायची. नदीपलीकडच्या शेतावर जायला म्हणून त्याने ती आणली, पण ती इतकी डुलायची की घरातलं कुणी तिच्यात बसेना. हवालदाराचं म्हणणं असं की भामेच्या डोहात मोठ्या मरळी आहेत, त्या मधल्या शेवाळात असतात, काठावरून तिथे गरी पोचत नाही. होडी तिथे जाते. पण त्याचे गुडघे आता तिच्यात मावत नव्हते.

"काठी आणि चकरी तेवढी आण," तो म्हणाला. "बाकी मी दावतो."

रविवारी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. साहेब लोक गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतून निघालेलं सामान अजून तिथे येत होतं. बंदुकांचे पट्टे, घोड्यांची खोगिरं, चिनी मातीच्या बशा. एका माणसाने गोणपाटावर काठ्या मांडल्या होत्या. मी बरोबर माझी हत्यारं नेली होती. मायक्रोमीटर, व्हर्नियर, दोन कॅलिपर. शिकाऊ होतो तेव्हापासून एकेक करून जमवलेली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. दोन गल्ल्या पलीकडे हत्यारांचा व्यापारी होता, त्याला ती दिली. मायक्रोमीटर देताना त्याने तो फिरवून बघितला आणि म्हणाला, फार जपून वापरलाय. मी मान हलवली. फक्त कानशी ठेवल्या. का ठेवल्या ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

काठ्यांच्या विक्रेत्याने आधी सगळ्यात देखणी काठी पुढे केली. बारा फुटी, तीन तुकड्यांत निघणारी, जोडांवर पितळी नळ्या, मुठीला बूच. साहेबाच्या दिवाणखान्यात शोभली असती. मला ती फार आवडली. हवालदाराने ती हातातही घेतली नाही. त्याने मला तिथेच, बाजाराच्या धुळीत, पाय पसरून बसायला सांगितलं.

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. मी बसलो. येणारे-जाणारे थांबले. एकजण हसला. हवालदाराने बारा फुटी काठी माझ्या डाव्या हातात दिली आणि स्वतः तिचं टोक धरून मासा ओढतो तशी हळू ओढली. मी कमरेतून पुढे वाकलो. मग त्याने सांगितलं, आता मासा होडीजवळ आलाय असं समज आणि त्याला हात लाव. मी काठी उभी केली. टोक वर आभाळात आणि मासा कुठेतरी लांब, माझ्या हाताच्या आवाक्याबाहेर. काठी मागे टाकली तर मीच पाठीवर पडायला लागलो. त्याचं म्हणणं मला तिथे बसल्या बसल्या कळलं. होडीत माणूस पाण्याच्या पातळीला बसतो, उभं राहता येत नाही, मागे सरता येत नाही. लांब काठी काठावर उभ्या माणसासाठी. शिवाय होडी स्वतःच माशापर्यंत जाते, मग लांब फेकायचं कारणच उरत नाही.

दुसरी काठी पोलादी नळीची होती, आखूड आणि स्वस्त. तिला हवालदाराने गुडघ्यावर ठेवून थोडं वाकवलं आणि बाजूला टाकली. ती वाकत नाही, हिसका सरळ मनगटाला बसतो, आणि काठी धरायला तुला आता एकच मनगट आहे, असं त्याने सांगितलं. तिसरी शेवटी ढिगाच्या तळातून निघाली. बांबूच्या सहा चिरफळ्या एकमेकींना चिकटवून केलेली, कधीकाळी आठ फुटी असावी. शेंडा मोडला होता म्हणून साडेसहा फूट उरली होती. दोरा ओवायची वरची कडी नव्हती. हवालदाराने ती माझ्या हातात देऊन टोक ओढलं. ती मुठीपर्यंत गोल वाकली, आणि सोडल्यावर सरळ झाली. तीच घेतली.

चकरीवरून मात्र आमचं वाजलं. तिथे एक नवीच म्हणावी अशी चकरी होती. दोरा एका जागी गुंडाळलेला, पुढे तारेची कमान, मूठ फिरवली की कमान गर्रकन फिरून दोरा भरायची. यंत्र म्हणून ती सुंदर होती. मी फिटर माणूस, मी तिचे दाते बघत बसलो. मला तीच हवी होती. हवालदाराने ती माझ्या हातातून घेतली.

"फेकताना हितं दोरा धरायला बोट लागतंय. अंगठ्याजवळचं," तो म्हणाला. "उजव्या हातात तुझ्याकडं ते हाय का?"

मी म्हणालो, काठी डाव्या हातात धरीन, तिथे बोट आहे.

"आन मूठ कशानं फिरवशील? ही मूठ बगितलीस? हरभऱ्याएवढी हाय."

मी ती मूठ अंगठ्यात आणि करंगळीत धरून बघितली. दोन फेऱ्यांत निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. आजूबाजूला माणसं उभी होती. मला ती चकरी आपटून फोडावीशी वाटली, आणि हवालदारालाही हाणावंसं. मी ती खाली ठेवली.

घेतली ती जुनी पितळी चकरी. बशीएवढी रुंद, मधोमध दांडा, फिरवली की सरळ दोरा गुंडाळणारी. दाते नाहीत, कमान नाही. एक फेरा म्हणजे एक फेरा. मूठ तुटलेली होती, नुसता स्क्रू उरला होता. हवालदार म्हणाला, हिला मूठ तुझी तू करून लाव, तुझ्या हाताला बसेल अशी. आणि मासा जोरात पळाला तर तळवा कडेवर टेकव, तोच ब्रेक. तळवा तुझ्याकडे आहे.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी बायको कामावरून आल्यावर मी मुठीचं काम काढलं. लाकूड कुठलं घ्यावं यावर मी दिवसभर विचार करत होतो. तिने फडताळातून लाटणं काढून पुढे केलं. आम्ही भाकरी खाणारी माणसं, लाटणं सणासुदीला निघायचं. तिने ते पायांत दाबून धरलं, मी डाव्या हाताने करवत चालवली. मग तिने तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि मी कानस फिरवायला लागलो. डाव्या हाताला कानशीची सवय नव्हती. ती दर चार हातांनी सटकायची आणि तिच्या बोटांना घासायची. तिने हात काढला नाही. अंगठा बसायला एक खाच, करंगळीला एक, आणि मध्ये जिथे तीन बोटं नव्हती तिथे पोकळ बाक, तळव्याचा बुंधा टेकेल असा. तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी मी मूठ लावून चकरी फिरवली तेव्हा ती अडखळत का होईना फिरत राहिली. बायकोने एकदा फिरवून बघितली, आणि जेवायला वाढू का असं विचारलं.

मोशीमार्गे चाकण आणि तिथून पुढे भामा, सायकलवर अडीच तास लागत. वाटेत कांद्याच्या गाड्या भेटत. हवालदाराने मला चार दिवस होडीत बसायलाच शिकवलं. कमरेएवढ्या पाण्यात तो बाजूने चालायचा आणि मी उलटायचो. वल्ह्याला उजव्या बाजूला त्याने सुताचा फास करून दिला, त्यात मनगट अडकवून मी वल्हवायला लागलो. मोडक्या शेंड्याला त्याने तारेची कडी बांधली. नायलॉनचा दोरा तेव्हा नवीन आलेला, तो चकरीवर भरला.

एक गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली. काठी अंगाला बांधायची नाही. हातातून गेली तर जाऊ दे.

पाचव्या दिवशी शेवाळाच्या कडेला बेडूक सोडला आणि पहिली मरळ लागली. काठी मुठीपर्यंत वाकली, होडीचं नाक माशाकडे वळलं आणि मासाच होडी ओढायला लागला. मी तळवा कडेवर टेकवला. पितळ गरम झालं. मग मासा दमला आणि मी मूठ फिरवायला लागलो. एक फेरा, मग एक फेरा. साडेतीन-चार शेराची असेल. काठावर हवालदाराने पटका काढून डोकं पुसलं.

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. ओलं फडकं घातलेल्या पत्र्याच्या डब्यात मी ती पिंपरीच्या छावणीत नेली. एका सिंधी बाईने डब्यात हात घालून तिच्या कल्ल्यात बोट घातलं, मासा फडफडला तशी ती हसली आणि उद्याही आण म्हणाली. आमच्या घरमालकांकडे मासळी चालत नव्हती, त्यामुळे घरी कधी आणता आली नाही. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून तीन-चार दिवस मी डोहावर जाऊ लागलो. रिकाम्या हाताने फार कमी वेळा परतलो. बायकोला मी काम सोड म्हणून सांगितलं. ती म्हणाली, पावसाळ्यात नदी भरली की तुमचं हे बंद, मग काय करायचं. तेही खरं होतं. ती जात राहिली.

वैशाख संपता संपता ती बांधकामावर घमेलं घेऊन चढताना बसली ती उठली नाही. बायकांनी तिला टांग्यात घालून आणलं. डॉक्टरने सांगितलं, पोट जपायचं असेल तर बाळंत होईपर्यंत अंथरुणावर. सातवा लागला होता. मी त्या दिवशी डोहावर होतो. संध्याकाळी डबा घेऊन छावणीतून आलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. शेजारची दुसरी एक बाई तिच्याजवळ बसायची. पण डोहात पाणी आटत चाललं होतं आणि मरळी आता आमिषाला येईनाशा झाल्या होत्या. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी एक लहान. आभाळ भरून येत होतं, नदीला पूर यायला पंधरा दिवससुद्धा नव्हते. माझ्या डाव्या हाताला पेटके यायला लागले होते. एकच हात सकाळपासून काठी धरतो आणि वल्ह्याचा जोरही त्याच्यावरच. एकदा लागलेली मोठी मरळ मी पेटक्यामुळेच सोडली, बोटं आपोआप उघडली, काठी कशीबशी मांड्यांत अडकली. परतताना मोशीच्या चढावर मी सायकलवरून उतरलो आणि रस्त्याकडेला बसून राहिलो. माझ्यात घरी जायचं बळ नव्हतं. ती विचारणार नाही हे मला माहीत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

सहाव्या दिवशी हवालदार तापाने घरात पडला होता. मी एकटाच होडी पाण्यात घातली. वारा होता. मधल्या शेवाळापर्यंत पोचेपर्यंत हात आखडला. तेव्हा मी सुतळी काढली आणि काठीची मूठ डाव्या हाताला, कोपराच्या खाली, तीन वेढे देऊन बांधली. गाठ दातांनी ओढली.

दुपार कलताना मासा लागला. ती मरळ होती की दुसरं काही हे मी कधी पाहिलं नाही. त्याने बेडूक घेतला आणि तो सरळ खाली गेला. चकरी किंचाळली. मी तळवा टेकवला तर कातडी सोलली. काठीचं टोक पाण्यात गेलं, त्यामागून माझा हात, आणि होडी एका कुशीवर झाली. हात सोडवून घ्यायला मी उजवीकडे झुकलो, तेवढ्याने ती उलटली.

पाण्याखाली सगळं हिरवं होतं. माझे पाय होडीच्या कामट्यांत अडकले होते, ते निघाले. पण डावा हात ताणून खाली चालला होता आणि शेवाळ दोऱ्यात गुंतत होतं. उजव्या हाताने मी गाठ चाचपली. अंगठा आणि करंगळी ओल्या सुतळीवरून नुसती घसरत होती. किती वेळ ते सांगता येत नाही. मला तेव्हा बायको आठवली नाही, मूल आठवलं नाही. हवा पाहिजे एवढंच होतं. मी कोपर वाकवून हात तोंडाशी आणला. कसा आणला माहीत नाही, बहुधा मासा क्षणभर थांबला असावा. गाठ मी दातांनी बांधली होती, दातांनीच सोडली. एक दात त्यातच तुटला. वेढे सुटले आणि काठी हातावरून निघून गेली.

उलट्या होडीला धरून मी काठाला लागलो. उताणा पडून राहिलो. जिवंत आहे याचा आनंद झाला असं लिहायला हवं, पण तसं नव्हतं. काठी गेली, चकरी गेली, आता उद्या कशाने जायचं, हाच विचार डोक्यात फिरत होता. मी मोठ्याने रडलो. पलीकडच्या काठावर म्हशी पाणी पीत होत्या. त्या माना वर करून बघायला लागल्या.

होडी ओढून ठेवली आणि हवालदाराच्या घरी गेलो. तो घोंगडी पांघरून बसला होता. मी ओला, तोंडाला रक्त. उलटली आणि काठी गेली, असं सांगितलं.

"बांधली हुतीस का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो. त्याने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. सुतळीचे तीन लाल वळ तिथे उठले होते. सुनेला हाक मारून त्याने मला कोरडं धोतर द्यायला सांगितलं आणि गुळाचा चहा करायला लावला. निघताना म्हणाला, "व्हडी हाय. पुन्ना ये." मी येतो म्हणालो. त्याला हे कळलं असावं की मी येणार नाही.

घरी मी बायकोला सगळं खरं सांगितलं, बांधल्याचंसुद्धा. ती उशीवर कोपर टेकून ऐकत होती. माझं झाल्यावर तिने माझा हात जवळ घेतला आणि त्या वळांवरून बोट फिरवलं. ती रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "माझी जागा अजून रिकामी आहे तिथे. मुकादम कालच विचारून गेला." थोडं थांबून म्हणाली, "घमेलं डोक्यावर असतं. त्याला बोटं लागत नाहीत."

तिथे घमेली बायका वाहत. पुरुष गवंडी असत, नाहीतर माल कालवणारे, नाहीतर मुकादम. फिटर म्हणून मी ज्या कारखान्यात ताठ मानेने गेलो असतो त्याच्या भिंती चढायला मला बायकांच्या रांगेत उभं राहायचं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून मी भात केला, तिच्याजवळ झाकून ठेवला. नाडी तिने पडल्या पडल्याच बांधून दिली.

मुकादमाने माझा हात बघितला, खांदे उडवले, आणि बायकांची मजुरी मिळेल म्हणाला. मी हो म्हणालो. रांगेतल्या बायकांनी आधी पदर तोंडाला लावले. एक हसली, तिला दुसरीने कोपराने ढोसलं. मग एक वयस्क बाई पुढे आली. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून तिने त्याची चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली, आणि दोन बोटांनी दाबून बसवली. मान ताठ ठेव, खाली बघू नकोस, पाय आपोआप पायरी शोधतो, असं तिने सांगितलं. दोघींनी मिळून घमेलं उचलून वर ठेवलं. तेवढ्या वजनाने माझे दात एकमेकांवर बसले आणि तुटलेल्या दातातून कळ डोक्यापर्यंत गेली.

पहिल्या दिवशी मी दोनदा घमेलं सांडलं. मुकादम ओरडला. तिसऱ्या वेळी सांडलं नाही. आषाढात आमची मुलगी आठव्या महिन्यात जन्मली. इतकी लहान की सुईणीने तिला कापसात गुंडाळून दिली. पहिले पंधरा दिवस ती जगेल असं कुणी म्हटलं नाही. मी सकाळी रांगेत उभा राहायला जाताना तिच्या नाकाशी बोट धरून बघायचो. पावसात ओलं झालेलं घमेलं जास्त जड लागायचं, आणि शिडीच्या पायऱ्या निसरड्या व्हायच्या. त्या वयस्क बाईने मला पाय आडवा टाकायला शिकवलं. मुलगी जगली. मी त्या रांगेत दिवाळीपर्यंत होतो.